बुढी म्हणायचं नाही

तिला मी बुडवलं, असं त्या गावात आजही बोलतात. माझ्या तोंडावर कोणी बोलत नाही, कारण माझा राग सगळ्यांना ठाऊक आहे. पण भंडाऱ्याला माझ्या दुकानात त्या गावचा कोणी आला, चहा पिऊन झाला, की कपबशी खाली ठेवता ठेवता हळूच म्हणतो, "त्या बुढीचं काही बरं नाही झालं, शेठ." पुतण्याला कोणी काही म्हणत नाही. पंचांना म्हणत नाही. सगळे मिळून माझ्याकडेच बघतात. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. माझी बाजू म्हणून वाचलं तरी हरकत नाही.

तिचं नाव लिहीत नाही. शेवटच्या वर्षांत तसंही ते कोणी वापरत नव्हतं.

सत्तरच्या दशकात मी बारदान्याचा धंदा सुरू केला. बारदाना म्हणजे रिकामी पोती. भंडारा जिल्ह्यात भाताच्या गिरण्या पुष्कळ, त्यांना पोती लागायची. मी सायकलवर गावोगाव फिरून फाटकी पोती विकत घ्यायचो, शिवून घ्यायचो आणि गिरण्यांना द्यायचो. बापाने मला काही ठेवलं नव्हतं. ती सायकलसुद्धा जुनीच घेतलेली होती. या धंद्यात अक्कल एवढीच की घेताना पोत्याचं प्रत्येक भोक समोरच्याला दाखवायचं आणि देताना तेच भोक घडीच्या आत जाऊ द्यायचं. हे मला कोणी शिकवलं नाही.

मोहाडीच्या अलीकडे एका तलावाखालच्या गावात मला पोती ठेवायला जागा हवी होती. तिच्या घराची पडवी मोकळी होती. नवरा मेलेला, मूलबाळ नाही, एकटीच राहायची. तेव्हा तिची साठी उलटली असावी. उंच, काटकुळी, पाठ अशी ताठ की पाण्याची घागर डोक्यावर नसतानाही असल्यासारखी वाटायची.

"पडवी कायले पायजे?" तिने विचारलं.

"पोते ठेवाले."

"पोत्यात काय हाय?"

"काही नाही. रिकामे हायेत."

"रिकाम्या पोत्याले एवढी जागा?"

तिने भाडं सांगितलं. मी नेहमीप्रमाणे सुरू झालो. छपराचे कवेलू सरकलेत, पाणी गळेल, उंदीर दिसतात, भिंतीला ओल आहे, दाराला कडी नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एवढ्या खराब जाग्यात आपला माल नोको ठेवू बापू. जाय."

मी गेलो. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, म्हटलं हाक मारेल. नाही मारली. परत आलो, दोन आणे वर सांगितले. "जाय म्हटलं ना?" असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी तिने सांगितलेलंच भाडं कबूल केलं. त्या जिल्ह्यात मला घासाघिशीत हरवणारी ती एकटीच. वर तिने दोन अटी घातल्या. किल्ली तिच्याकडे राहील, आणि तिला बुढी म्हणायचं नाही.

"मंग काय म्हनू?"

"काही म्हनू नोको. मानूस समोर असला तं नाव घ्याची गरज नाही पडत."

मी तिला माय म्हणू लागलो. त्याला ती काही बोलली नाही. मला ती "बोरेवाला", म्हणजे पोतीवाला, म्हणायची, फार लाडात आली तर "बापू".

एकदा एस.टी.ने आम्ही दोघं भंडाऱ्याला निघालो होतो. गाडीत गर्दी. एक कॉलेजचा पोरगा उठून म्हणाला, "बस आजी." तिने मागे वळून पाहिलं, कोणती आजी आली म्हणून. पोरगा पुन्हा म्हणाला, "तुलेच म्हटलं आजी, बस."

"तुले बसाचा कटाळा आला का?"

"नाही, तू म्हातारी हायेस म्हनून..."

"मंग बसून रहाय. म्हातारी दिसली का कुठी, तं तिले देजो जागा."

सगळी गाडी हसली. पोरगा लाल झाला. पण उठलेला माणूस परत कसा बसणार, आणि ती तर बसेना. ती सीट वाटेतल्या नदीच्या पुलापर्यंत रिकामी राहिली. पुलावर गाडी हळू झाली तेव्हा मीच बसलो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू बस. तू थकला असशील."

ती माझी पोती शिवायची. पडवी तिची, म्हणून ते काम आपोआप तिच्याकडे आलं. हातभर लांब दाभण आणि सुतळी घेऊन बसायची. तिच्यासारखा टाका मी नंतर कुठे पाहिला नाही. गिरणीचा माणूस पोतं उलटं करून बघायचा आणि विचारायचा, हे नवीन आहे का?

तिच्या चुलीची एक गंमत होती. गंमत म्हणतो, पण ती गंमत नव्हती हे मला पाच वर्षांनी कळलं. रोज दोन वेळा तिच्या कवेलूंतून धूर निघायचा, दाट, पांढरा. एका दुपारी मी पोती मोजायला अचानक गेलो. चूल पेटलेली, तिच्यात पळसाची ओली पानं घातलेली, आणि वर काहीच नाही. ना तवा, ना गंज. ती बाजूला डोळे पुसत बसलेली.

"हे काय माय? चुलीवर काहीच नाही?"

"नाही."

"मंग पेटवली कायले?"

"शेजारच्या बायका धूर पाह्यतात बापू. एक दिवस नाही दिसला का हातात वाटी घेऊन येतात. मंग दारात उभ्या राहून इचारतात, का वं, बरी हायेस ना, काही खाल्लं का?" तिने पानं आत सारली. "वाटी वापस देता येते. इचारलेलं वापस नाही देता येत."

त्या दिवशी तिच्या घरात काही नव्हतं. मी तिला शिवणीचे थोडे पैसे आगाऊ दिले. तिने ते घेतले आणि पुढच्या हप्त्यात तेवढी पोती जास्त शिवून ठेवली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नारबोद काढतात. नागपूरकडे तिला मारबत म्हणतात. कागद-कापडाची म्हातारी करायची आणि पहाटे पोरं तिला गावाबाहेर ओढत नेतात, ओरडत, "खासी खोकला घेऊन जाय गे नारबोद! रोगराई घेऊन जाय गे!" ही मिरवणूक तिच्या दारात जरा जास्तच रेंगाळायची. मोठी माणसंही मागे उभी राहून हसायची. ती दार उघडून बाहेर यायची आणि पोरांच्या वरताण आवाज लावायची, "पाटलाची चहाडी घेऊन जाय गे! मास्तरची दारू घेऊन जाय गे!" मग मोठ्यांचं हसू मावळायचं.

एका वर्षी कोणीतरी नारबोदेला तिच्यासारखंच हिरवं लुगडं नेसवलं, काठासकट. उंचीही तेवढीच. दारात आणून उभी केली. मी त्या दिवशी तिथेच होतो. सगळे गप्प, आता ही काय करते ते बघायला. ती पायरी उतरून आली. बाहुलीभोवती एक फेरी मारली. खांद्यापाशी बोट घालून म्हणाली, "शिलाई कच्ची हाय. गावाच्या बाहीर जाईपर्यंत हात तुटंल तिचा." आत गेली, दाभण घेऊन आली, चार टाके घातले आणि म्हणाली, "आता न्या."

त्या दिवशी तिच्या चुलीतून संध्याकाळपर्यंत धूर येत होता.

आता तिच्या शेतीचं सांगतो, कारण सगळं तिथेच अडलं. तलावाच्या पाळीखाली तिच्या दोन बांध्या होत्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातलेलं भाताचं वावर. तिचा नवरा आणि त्याचा भाऊ यांनी बापाच्या जमिनीची वाटणी तोंडी केली होती, गावातल्या चार म्हाताऱ्यांसमोर. कागदावर नाव सासऱ्याचंच राहिलं. असं पुष्कळ घरांत असतं, कोणाला काही वाटत नाही. ते चार म्हातारे एकेक करून गेले. नवरा गेला, दीर गेला. उरला दिराचा मुलगा, म्हणजे तिचा पुतण्या. बांध्या तिच्या आहेत याला पुरावा एकच उरला होता, ती तसं म्हणते हा. आणि तिच्या शब्दाला गावात वजन होतं. हसायचे, चिडवायचे, पण ती म्हणते म्हणजे तसंच असेल असं धरून चालायचे. पुतण्याही धरून चालायचा. दरवर्षी बांध्या ती कोणाला तरी अर्ध्या पिकाच्या बटईने लावून द्यायची आणि कापणीच्या वेळी धुऱ्यावर उभी राहायची.

मग तिची बोटं सुजायला लागली. पेरं लिंबासारखी झाली. दाभण धरवेना. पहिल्यासारखी पोती होईनात. तिने मला शिवणीचा दर वाढवून मागितला. मी नाही म्हटलं. हे मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही, इथे लिहितो. मी तिला धंद्यातल्या अडचणी सांगितल्या, गिरणीवाले पैसे देत नाहीत म्हटलं, प्लास्टिकची पोती येऊन राहिली म्हटलं. त्यातलं निम्मं खरं होतं. मग माझ्या डोक्यात आलं की सरकारने निराधार म्हाताऱ्यांना महिन्याचे पैसे सुरू केलेत. लोक त्याला निराधारचा पगार म्हणायचे. तो हिला मिळाला तर मला दर वाढवायला नको. तिच्यासाठी मी धावपळ केली हे खरं, पण सुरुवात अशी आहे.

अर्ज मी लिहिला. फोटो मी काढून आणला. तिला घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेलो. जमीन तिच्या नावावर नव्हतीच, त्यामुळे कागदांत अडचण नव्हती. ती धुतलेलं लुगडं नेसून, केस चापून बांधून, टेबलापुढे उभी राहिली. बाबूने मान वर केली.

"अर्जदार कुठे आहे?"

"हे काय, साहेब."

"ही?" तो हसला. "ही तर माझ्याहून धडधाकट आहे. निराधार अशी असते का? पुढच्याला येऊ द्या."

माझा अर्धा दिवस गेला होता. मी तिथे भांडलो, शिपायाने मला बाहेर काढलं. ती मात्र खूश. परत येताना मला म्हणाली, "आयकलं ना? सरकारी मानूसबी म्हनते, धडधाकट."

"त्या धडधाकटनंच तुया पगार गेला माय!"

"जाऊ दे."

मी जाऊ देणारा माणूस नाही. घरी आल्यावर मी तिला समजावलं. "मी पोतं घेतो तवा काय पाह्यतो?"

"फाटलं कुठी हाय ते."

"तसंच हाय हे. साहेबाले फाटकं पायजे. तं त्याले फाटकं दाखवाव लागते. काठी घे. वाकून चाल. आयकू नाही येत असं कर. जे इचारतील त्याले एकच म्हन, मले काय समजते बापा."

ती म्हणाली, "फाडून दाखोलं, अन् मंग शिवाचं कोनं?"

"घरी आलं का झालं. एका घंट्याचं काम हाय."

ती तेव्हा नाही म्हणाली. दोन दिवसांनी मी पोती न्यायला गेलो तर एकही शिवलेलं नव्हतं. तिने उजवा हात माझ्यापुढे धरला. बोटं मिटत नव्हती. "एकच घंटा ना?" तिने विचारलं.

पुढच्या खेपेला कमिटीच गावात येणार होती, ग्रामपंचायतीत. साहेब, बाबू, गावचे पंच, आणि नातेवाईक म्हणून पुतण्या. आधी तीन दिवस मी तिला शिकवलं. खरं सांगतो, मला मजा आली. तिलाही आली असावी. ती वाकून चालायची आणि मी म्हणायचो, "अजून वाक." ती कानाला हात लावून "आँ?" म्हणायची. तिला सही करता यायची, प्रौढांच्या वर्गात शिकली होती. मी म्हटलं, सही नको, अंगठा दे. जमिनीचं विचारतील ही भीती होती. म्हणून मी तिला आणखी एक वाक्य दिलं, "पुतन्या जाने." ते वाक्य माझं आहे. मीच बसवलेलं.

त्या दिवशी ती काठी टेकत आली. केस मोकळे, लुगडं फाटकं. दोन पंच उठून उभे राहिले, इतकी वेगळी दिसली.

"वय किती आजी?" साहेबांनी विचारलं.

"आँ?"

"वय! वय!"

"मले काय समजते बापा."

"कोणी सांभाळतं का?"

"मले काय समजते."

"शेतीवाडी काही?"

"मले काय समजते बापा. पुतन्या जाने."

साहेब बाबूकडे वळले. "लिहा. वयोमानामुळे समजण्याच्या स्थितीत नाही. घरचं सर्व पुतणे पाहतात." पंचांनी सह्या केल्या. तिने अंगठा दिला. पुतण्या कोपऱ्यात उभा होता, तो एका शब्दाने बोलला नाही. तो शांत माणूस होता. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही, मी माझ्या यशात होतो.

घरी येताना वळणापलीकडे गेल्यावर तिने काठी माझ्याकडे फेकली आणि ताठ झाली. साहेबांची नक्कल केली, "वय! वय!" आणि इतकी हसली की रस्त्याच्या कडेला तिला बसावं लागलं. मीही हसलो. तिला तसं हसताना मी नंतर पाहिलं नाही.

पगार सुरू झाला. दर वाढवायचा विषय संपला.

त्याच वर्षी दिवाळीनंतर तिच्या दोन बांध्यांतलं धान पुतण्याने कापायला घेतलं. बटईदाराला त्याने सांगितलं होतं, यंदा हिशेब माझ्याशी. ती धावत वावरात गेली. मी तिथे नव्हतो, कापणी करणाऱ्या बायांकडून मला कळलं. ती धुऱ्यावर उभी राहून ओरडत होती की या बांध्या माझ्या आहेत, विळे खाली ठेवा. पुतण्या तिच्याजवळ गेला, आपल्या खांद्यावरचा दुपट्टा तिच्या डोक्यावर टाकला आणि बायांना म्हणाला, "काकूले ऊन लागलं. घरी नेऊन सोडा वं कोनी. पानी पाजा." दोघींनी तिला दंडाला धरलं. तिने झटका दिला, तर तिसरी आली. त्या सांगत होत्या, "काय करता भाऊ, बुढी भरमली. कमिटीनंच लिहून देल्लं ना."

गावात ती घरोघर गेली. ज्या घरांत तिचा शब्द चालायचा तिथे तिला पाट मिळाला, पाणी मिळालं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मान डोलावली. "हो माय, हो. तुयाच हायेत बांध्या. जेवली का?" पूर्वी हे लोक तिच्याशी भांडायचे. आता कोणी भांडेना. मोठ्याने बोलायला लागले तिच्याशी, एकेक शब्द सुटा करून.

ती माझ्याकडे आली. पायी, मी भाड्याने घेतलेल्या नव्या गोदामापर्यंत, सात-आठ मैल. म्हणाली, "लोकाइले सांग, ते सोंग होतं. तू शिकोलं होतं."

मी म्हटलं, "सांगतो."

"आज चाल."

"आज माल जाऊन राहिला माय. पुढच्या हप्त्यात."

मी तीन हप्ते गेलो नाही. कारण साधं होतं. सोंग होतं म्हटलं की सरकारला फसवलं म्हणणं आलं. पगार बंद झाला असता आणि अर्ज माझ्या अक्षरात होता. माझा धंदा नुकता उभा राहत होता. मी हिशेबी माणूस आहे. हे मी दडवत नाही. पण चौथ्या हप्त्यात मी गेलो, आणि हे त्या गावातलं कोणी सांगत नाही. मी गेलो, पंच गोळा केले, पुतण्याला बोलावलं, तिला बोलावलं, आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "हे सगळं मी शिकोलं. बुढी..." माझ्या तोंडून बुढी निघालं. "माय तुमच्याहून शहानी हाय. बांध्या तिच्याच हायेत. तुमाले सगळ्याइले माहीत हाय!"

एक पंच हसला. "तवा खोटं बोलले का आता, बोरेवाले?"

"तवा!"

"आता बोलून राहिले तेबी धंद्याचंच असंल. तिची पडवी पायजे ना तुमाले?"

मी त्याच्या अंगावर धावून गेलो. लोकांनी धरलं. मी काय काय शिव्या दिल्या ते लिहीत नाही, पण त्या दिवशी माझ्या रागाने तिचं उरलंसुरलं काम बिघडवलं हे खरं. शेवटी सरपंच म्हणाले, "भांडनं कायले करता? तिलेच इचारू. ठीक असंल तं उत्तरं देईल. ठीक नसंल तं दिसंलच." हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. मी मनात म्हटलं, जिंकलो.

ती मध्ये उभी होती. काठी नव्हती. केस बांधलेले, लुगडं धुतलेलं.

सरपंचांनी विचारलं, मोठ्याने, सुटं सुटं, "आजी, आज, वार, कोनता?"

ती गप्प.

"बरं. हे किती बोटं हायेत?" त्यांनी तीन बोटं वर केली.

ती त्या बोटांकडे बघत राहिली. लहान पोरं दारात जमली होती, त्यातलं एक हळूच म्हणालं, "तीन."

"पुतन्याचं नाव काय हाय तुया?"

मी ओरडलो, "बोल ना माय! येते ना तुले! बोल!"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी भल्याभल्यांच्या डोळ्यांत बघून भाव पाडलेत, पण ते बघणं मला झेपलं नाही. मग ती वळली आणि ताठ पाठीने चालत निघून गेली. कोणाला काही न विचारता, न सांगता. सरपंचांनी हात झटकले. "पाह्यलं ना शेठ? उगाच तरास देल्ला बिचारीले." सगळे माझ्यावर नाराज होऊन उठले. एका भरमलेल्या म्हातारीला पंचात उभी केली म्हणून.

पुतण्याने तिला आपल्या घरी नेलं. हेही मला लिहिलंच पाहिजे की त्याने तिला कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. ओसरीत खाट दिली, वेळेवर ताट दिलं, थंडीत घोंगडी दिली. तिचा पगार तो आणायचा, कारण तिला समजत नाही असं कागदावर होतं. गाव त्याचं कौतुक करायचं. तिचं घर त्याने जनावरांना केलं. माझी पोती मी त्याआधीच हलवली होती.

पुढच्या दोन वर्षांत मी एकदाच गेलो. मोठा धंदा झाला होता. तीन दिवस नागपुरात गिरणीवाल्यांशी घासाघीस करून एस.टी.ने भंडाऱ्याला उतरलो आणि घरी न थांबता सायकल तिकडे वळवली. सायकलचीच सवय होती, मोटार नंतर घेतली. ती खाटेवर भिंतीला पाठ लावून बसली होती. रस्त्याकडे तोंड. पुतण्याची सून बाहेर येऊन माझ्या कानाशी म्हणाली, "वळखत नाही त्या कोनाले," आणि आत गेली.

"कसा हायेस बोरेवाल्या?" ती म्हणाली.

सुनेने दिलेला पाण्याचा गडवा घेऊन मी खाटेजवळ बसलो. मग जे विचारायला गेलो होतो ते विचारलं. मला राग होता, आजही आहे. मी माझी अब्रू घालवून तिच्यासाठी पंचात उभा राहिलो आणि तिने तोंड उघडलं नाही. "त्या दिवशी काहून नाही बोलली माय? एक वार सांगाचा होता. बांध्या वापस भेटल्या असत्या."

"भेटल्या असत्या."

"मंग?"

"मंग पुढच्या साली त्यायनं अखीन इचारलं असतं. त्याच्या पुढच्या सालीबी. धान पिकलं का इचाराचं, आज वार कोनता." तिने सुजलेली बोटं मांडीवर पसरली. "तुमी कोनी चुकले तं चुकले. मी एक दिवस चुकली असती, का झालं."

 मी म्हटलं, "तरीबी बोलाले पायजे होतं."

"तू सांग बरं," ती म्हणाली. "आज वार कोनता?"

"सोमवार," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि रस्त्याकडे बघत राहिली. मी गडवा ठेवला, येतो म्हटलं आणि निघालो.

दोन मैलांवरच्या गावात बाजार भरला होता. भाज्या, मिरच्या, सुकट, बांगड्यांची दुकानं. तिथला बाजार मंगळवारचा. नागपुरात माझा एक दिवस कुठेतरी हरवला होता. त्या बाजाराला जाणाऱ्या बाया सकाळपासून टोपल्या घेऊन तिच्या खाटेसमोरूनच गेल्या असणार.

ओळखीचे दोन-तीन जण भेटले. पोत्यांचा भाव विचारला, मी सांगितला, त्यांनी तो मान्य केला. वार मला कोणी विचारला नाही. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो.